तिच्या बोटाला कळेनासं झालं

मी बोलतोय म्हणून दचकू नका. मला उघडून पाहाल तर तुम्हाला काहीच दिसायचं नाही. शाईचा एक थेंब माझ्या अंगावर नाही, चित्रं तर सोडाच. जाड पांढरी पानं आणि त्यांच्यावर पुटकुळ्या उठाव्यात तसे ठिपके. मी ब्रेलमधलं पुस्तक आहे. डोळेवाल्यांपुढे मी ठार मुका, पण ज्यांना दिसत नाही त्यांच्या बोटाखाली मी इतकं घडाघडा बोलतो की गप्प बस म्हणायची पाळी यावी.

स्वभावानं मी जरा तोंडाळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि अंगानं भलताच जाड. तुमच्या शाईच्या पुस्तकात जी गोष्ट खिशात मावते, तिला माझ्यात उशीएवढी जागा लागते. एकानं मला खरंच उशाला घेतलं होतं. त्याचं नाव नंतर सांगतो.

माझा जन्म छापखान्यातला. तिथं एक माणूस होता, त्याला सगळे ठोक्या म्हणायचे, कारण तो दिवसभर यंत्रावर बसून धातूच्या पातळ पत्र्यावर ठिपके ठोकायचा. मग त्या पत्र्यांत कागद घालून वरून दाब द्यायचे. म्हणजे जगात आल्या आल्या मी बुक्केच खाल्ले. त्यांचे वळ अजून अंगावर आहेत, आणि तेच माझं बोलणं. एका नावाड्याची लांबलचक गोष्ट माझ्यात आहे. तो नावाडी पाण्याला भितो आणि कुणाला कळू देत नाही, एवढं सांगतो. बाकीचं वाचणाऱ्यासाठी राहू दे.

पुढे शिवणाऱ्यानं घोळ घातला. त्याचं लक्ष कुठं होतं देव जाणे, माझ्या पोटातली काही पानं त्यानं उलटी शिवली. म्हणजे अर्ध्यावर आलात की मला गर्रकन फिरवायचं, तेवढी पानं वाचायची आणि परत फिरवायचं. असलं पुस्तक कोण घेणार? मला रद्दीत टाकायचं ठरलं. तेवढ्यात ती म्हणाली, "टाकू नका, मला द्या."

ती म्हणजे छापखान्याची तपासणारी. जन्मापासून तिला दिसत नाही. छापखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक पान आधी तिच्या बोटाखालून जायचं. सगळे तिला ताई म्हणायचे, झाडणाऱ्यापासून साहेबांपर्यंत. तिच्यासमोर टेबलाच्या पलीकडे एक पिकल्या केसांचा गृहस्थ बसायचा. तो डोळेवाला, पण चष्मा एवढा जाड की त्याचं नावच चष्मेबुवा पडलं होतं. काम असं चालायचं : ताई कच्च्या प्रतीवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचायची आणि चष्मेबुवा शाईच्या मूळ प्रतीवर नजर ठेवून ऐकायचे. तिचं वाचणं आणि त्यांचं पाहणं जुळलं नाही की ते म्हणायचे, "थांबा." मग चुकीवर खूण व्हायची आणि पत्रा परत ठोक्याकडे जायचा.

तिच्या बोटाचं काय सांगू! उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. लहानपणी शाळेतल्या बाईंनी याच एका बोटानं वाचायला शिकवलं, आणि तिनं जन्मभर तेच धरलं. ते माझ्या ओळीवरून जायचं तेव्हा मला नुसती झुळूक लागल्यासारखं वाटायचं. दाब नाही, घासणं नाही. एखादा ठिपका नीट उठलेला नसला की ते जागच्या जागी थबकायचं. ठोक्या म्हणायचा, "ताईंच्या बोटातून देवसुद्धा सुटायचा नाही." साहेब तर नव्या माणसांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणून तिचं वाचणं ऐकवायचे.

मला ती पिशवीत घालून रोज कामावर न्यायची. काम सुरू करण्याआधी माझ्या एखाद्या पानावरून बोट फिरवायची. याला ती बोट उघडणं म्हणायची. गवई सकाळी गळा उघडतो, तसं. आणि संध्याकाळी घरी परत गेलो की मी मामंजींच्या वाट्याला.

मामंजी म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हातभर मोठी अक्षरं काढली, आणि म्हातारपणी नजर गेली. ठिपके शिकायचा त्यांनी प्रयत्न केला, पण रंगानं आणि टर्पेंटाइननं बोटांची कातडी निबर झालेली. "माझ्या बोटांना चटका कळत नाही, ठिपका काय कळणार?" असं म्हणून त्यांनी नाद सोडला. मग सूनबाईनं वाचायचं आणि त्यांनी खाटेवर पडून ऐकायचं. माझी गोष्ट त्यांनी कितीदा ऐकली असेल, मोजदाद नाही. उलट्या पानांशी आलो की ती मला धपकन फिरवायची आणि मामंजी म्हणायचे, "मारली का कोलांटउडी?" तो विनोद रोजचाच, आणि रोज दोघंही हसायचे. मला उशाला घेऊन घोरणारेही तेच.

असं छान चाललं होतं. आणि मग ते बोट बिघडलं.

सगळ्यात आधी ते कुणाला कळलं असेल तर मला. एका सकाळी बोट उघडायला तिनं ते माझ्यावर ठेवलं आणि मला ते जड लागलं. गरमही लागलं. ओळ संपायच्या आत तिनं ते उचललं, झटकलं, तोंडाशी धरून फुंकर घातली. पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं.

"मुंग्या आल्या बोटाला," ती चष्मेबुवांना म्हणाली.

"हातावर झोपला असाल," ते म्हणाले.

मुंग्या म्हणे! आम्हा कागदाच्या जातीला मुंग्या-वाळवीचं नाव नुसतं ऐकलं तरी धडकी भरते, पण ह्या मुंग्या वेगळ्याच होत्या. त्या गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी होत्या, पुढच्या आठवड्यात होत्या. मग सूज आली. पेराजवळ बोट असं टरारलं की अंगठी निघेना. साबण लावून, दोरा गुंडाळून, शेवटी नवऱ्यानं ती कापून काढली. मग ठणका लागला. सकाळी उठल्यावर बोट मिटत नसे आणि मिटलं तर उघडत नसे. कपाचा कान धरवेना. नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तिच्या हातून तुटलं, कारण आपण ते किती जोरात ओढतोय हे तिला कळलंच नाही.

नवरा तिचा मोठा भला माणूस. सामान पोचवणारी गाडी चालवतो. त्यानं तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे नेलं. मी पिशवीत असायचोच, त्यामुळे मीही सगळं ऐकलं. पहिला म्हणाला, विश्रांती घ्या. हाडांचा होता त्यानं हाताचे फोटो काढले, म्हणाला, हाडं उत्तम. एकानं रक्त काढून घेतलं, म्हणाला, रक्तात काही दोष नाही. नसांच्या डॉक्टरनं हाताला तारा लावून झटके दिले, ती कळवळली, आणि तो समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "सगळं ठीक आहे."

"सगळं ठीक आहे तर मग दुखतंय ते कुणाचं?" तिनं विचारलं.

डॉक्टर हसला. "मनावर घेऊ नका. ताण असतो कामाचा. तुम्ही लोक बोटांचा फार विचार करता."

तुम्ही लोक! मला हात असते ना, तर त्याच पिशवीतून उठून मी त्याच्या टाळक्यात बसलो असतो. मघाशी सांगितलंच, मी चांगला वजनदार आहे.  ती नवऱ्याचा दंड धरून जिना उतरली आणि खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "कुणीतरी मोठ्या रोगाचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं हो. नाव असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं." नवऱ्यानं तिचा हात पुन्हा आपल्या दंडावर ठेवला. मग तिच्या हातातली पिशवी घेऊन तो चालू लागला.

घरी उपायांना खंड नव्हता. गरम पाण्यात हात, मग गार पाण्यात हात. तेल लावून चोळणं. हात उशीवर उंच ठेवून झोपणं. लोकरीचे मोजे. कुणी सांगितलं चेंडू दाबा, तिनं चेंडू दाबला. कुणी सांगितलं अजिबात दाबू नका, तिनं तो सोडून दिला. कधी एखादा दिवस बरा जायचा आणि ती अशी फुलून यायची की सगळ्यांना वाटावं, सुटलो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्या बऱ्या दिवसांनीच तिचा जास्त छळ केला असं मला वाटतं.

पण खरी पंचाईत दुखण्याची नव्हती. दुखणं ती सोसत होती. पंचाईत अशी झाली की त्या बोटाला माझे ठिपके कळेनासे झाले.

आता ही गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घात इथं झाला. इतकी वर्षं वाचून वाचून भाषा तिच्या अंगात मुरलेली. वाक्याचं पहिलं टोक सापडलं की पुढे काय येणार ते तिला आपोआप कळायचं. बोटाला अर्धवट काही लागलं तरी डोकं उरलेलं भरून काढायचं. तुम्हीआम्ही वाचताना तसं केलं तर कौतुक होतं. पण तपासणाऱ्यानं तसं केलं म्हणजे काय झालं? पानावर जे नाही तेच तिनं वाचलं. ठोक्याचा पत्रा चुकलेला असला तरी ती बरोबरच वाचणार, आणि समोर चष्मेबुवा मान डोलवत म्हणणार, "ठीक, पुढे."

ती मुद्दाम फसवत होती असं समजू नका. बोट वाचतंय की डोकं, हे आधी तिचं तिलाच कळत नव्हतं. कळलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण सांगणार कुणाला? बोट गेलं म्हणजे नोकरी गेली, इतकंच नव्हतं ते. नोकरीचं काय, दुसरं काहीतरी केलं असतं. वाचणंच जाणार होतं. डोळेवाल्याचे डोळे म्हातारपणी गेले तर त्याला काठी देतात, हाताला धरतात. हिचे डोळे त्या बोटात होते. ते गेल्यावर ती दुसऱ्यांदा आंधळी होणार होती, आणि ह्या खेपेला कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

घरी मामंजींपुढे ती मला मांडीवर घेऊन बसायची, बोट ओळींवरून फिरवायची आणि माझी गोष्ट चक्क पाठ म्हणायची. मला काय वाटत असेल ह्याचा विचार करा! मी उघडा पडलोय, बोट माझ्यावरून सरकतंय, आणि ती बोलतेय ते वाक्य भलत्याच पानावरचं आहे.

एका संध्याकाळी तिचं म्हणणं संपलं. 

"सूनबाई," ते म्हणाले, "आज कोलांटउडी नाही झाली."

तिचं बोट माझ्यावर गोठलं.

"काल पण नाही झाली," ते म्हणाले. "धप्प आवाज येतो ना, तो आला नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्याचे कान गेले का काय."

तेव्हा ती रडली. आतापर्यंत एकदाही रडली नव्हती. मामंजींच्या खाटेच्या कडेला डोकं टेकून, हमसून हमसून. "मला लागत नाही हो काही. वाळूवर बोट फिरवल्यासारखं वाटतं. मामंजी, मी काय करू? मला वाचता येत नाही हो."

म्हाताऱ्यानं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी नजर गेली तेव्हा मी शेवटची पाटी काढली ती वाकडी आली होती," ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला, झकास. मेला खोटं बोलला. मला बरं वाटावं म्हणून. त्या 'झकास'चा मला अजून राग येतो. तू त्या चष्म्याला सांगून टाक."

"सांगितलं की उठवतील मला तिथून."

"उठवतील," मामंजी म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं.

पण तिनं सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. तेवढ्यात छापखान्यात गणिताचं पुस्तक आलं.

गोष्टीत पुढचं ओळखता येतं. गणितात कसं ओळखणार? उत्तरांची पानंच्या पानं, नुसते आकडे. पहिल्याच पानावर तिला दरदरून घाम फुटला. माझ्यावर हात पुसून ती वाचायला लागली. चष्मेबुवा म्हणाले, "थांबा. इथं दुसराच आकडा आहे. पत्रा चुकला." खूण केली. पुढच्या ओळीत पुन्हा थांबा. खाली पुन्हा. बघता बघता पानभर खुणा झाल्या, दुसरं पान तसंच, तिसरं तसंच.

साहेबांनी ठोक्याला बोलावलं. तो पत्रा घेऊनच आला. "साहेब, मी स्वतः दोनदा बघितलाय. पत्र्यात चूक नाही."

"मग ताई खोटं वाचतात?" साहेबांचा आवाज चढला. "ताईंचं बोट आजवर चुकलंय कधी? झोपेत ठोकतोस काय? मुलं शिकणार आहेत ह्यावर! तुझ्यानं होत नसेल तर सरळ घरी बस."

ठोक्या तसा आडदांड माणूस, पण तो गयावया करायला लागला. "ताई, तुम्ही तरी सांगा ना हो," तो म्हणाला. "परत एकदा वाचून बघा ना."

मी टेबलावर तिच्या हाताखालीच होतो. ते सुजलेलं बोट माझ्या कव्हरावर टेकलेलं होतं. तिनं ते उचललं आणि सगळ्यांपुढे धरलं.

"चूक त्याची नाही," ती म्हणाली. "ह्या बोटाला आता काही कळत नाही. बरेच दिवस झाले. मी अंदाजानं वाचत होते. मधल्या काळातलं सगळं दुसऱ्या कुणाकडून परत तपासून घ्या."

चष्मेबुवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मी समोर बसत होतो," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंत?"  साहेब वाईट नव्हते. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, बरं वाटेपर्यंत घरी राहा, जागा तुमचीच आहे. जागा तुमचीच आहे म्हणाले, आणि दुसऱ्या तपासणाऱ्याला उद्यापासून बोलवा, असंही त्याच दमात सांगितलं. ठोक्यानं मला उचलून तिच्या पिशवीत घातलं आणि दारापर्यंत पिशवी स्वतः आणली.

घरी आल्यावर काय झालं ते सांगताना माझीच पानं आक्रसतात. ती दिवसभर मला घेऊन बसायची आणि दाबायची. कळत नाही म्हणून आणखी दाबायची. दाबलं की ठणकायचं, ठणकलं की बोट आणखी बधिर व्हायचं, म्हणून आणखी जोरानं दाबायचं. ज्या बोटाचा भार मला कधी जाणवला नव्हता, ते आता माझे ठिपके चिरडत होतं. ब्रेलचा ठिपका म्हणजे काय, कागदाचा फुगवटा. तो बसला की बसला.

"अहो, जरा बघा," तिनं नवऱ्याला विचारलं. "इथं ठिपके आहेत का?"

"आहेत की."

"उंच आहेत का?"

त्यानं वाकून पाहिलं, तिरपं धरून पाहिलं. "ठिपक्यासारखे ठिपके आहेत, आता उंच म्हणजे किती ते कसं सांगू?"

बिचारा. मग त्यानं एक बोलणारा फोन आणला, कानात घालायची बोंडं आणली. हजारो पुस्तकं आहेत म्हणाला, बटण दाबलं की कुणीतरी वाचून दाखवतं. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि बोंडं काढून ठेवली. "तो माणूस त्याच्या चालीनं चालतो," ती म्हणाली. "मला थांबायचं असतं तिथं थांबत नाही. मला वाचून दाखवलेलं नकोय हो. मला वाचायचंय."

तिनं दुसऱ्या बोटांना शिकवायला घेतलं. डाव्या हाताचं बोट बालवाडीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत चाललं, आणि ती जरा हसायला लागली. तेवढ्यात त्याच बोटाला मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटाला. त्या दिवशी तिनं मला मिटलं आणि कपाटाच्या वर टाकून दिलं.

तिथं मी किती काळ पडलो होतो ते ठाऊक नाही. धूळ बसली. मामंजींनी माझं नाव काढलं नाही. घरात बोलणंच कमी झालं होतं. डॉक्टर बदलत होते, गोळ्या बदलत होत्या, आणि "सगळं ठीक आहे" तेवढं बदलत नव्हतं.

मग एका दुपारी तिनं स्टुलावर चढून मला खाली काढलं. नवरा कामावर होता, मामंजी खाटेवर. तिनं मला टेबलावर कुठंतरी मधेच उघडलं आणि दोन्ही हातांची सगळी बोटं एकामागून एक माझ्यावर घासून पाहिली. कशालाच काही लागेना. तेव्हा तिनं दोन्ही हात टेबलावर आपटले. "तोडून टाका!" ती ओरडली. "मला नकोत ही बोटं! तोडून टाका कुणीतरी!"

मामंजी भिंत चाचपडत आले. तिच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. ती माझ्यावर कोसळली, तोंड माझ्या पानात खुपसून रडत राहिली. माझा कागद भिजला. मी तिला हाका मारत होतो, अगं, मी आहे, इथंच आहे, तुझ्या तोंडाखाली आहे! पण माझी हाक तिला ऐकू जायची तरी कशी?

रडं ओसरलं. तोंड उचलायचं त्राणही तिच्यात नव्हतं. खालचा ओठ माझ्या एका ओळीवर टेकलेला. आणि तो ओठ जरासा मागे सरकला. थांबला. परत पुढे आला. पूर्वी बोट थबकायचं ना, अगदी तसाच तो थबकला.

"आणि," ती म्हणाली.

"काय गं?" मामंजी म्हणाले.

"आणि. 'आणि' लिहिलंय इथं."

"आणि काय?"

"थांबा ना. कुठलं पान उघडलंय मला ठाऊक नाही. थांबा, हलू नका." जसं काही म्हातारा हलला तर अक्षरं सांडणार होती! तिनं ओठ पुढे नेला. "त्यानं... आणि त्यानं दोर..." ती हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येत नाही. "आणि त्यानं दोर सोडला. मामंजी, मी पाठ म्हणत नाहीये! मी वाचतेय!"

नवरा संध्याकाळी आला तेव्हा बायकोचं तोंड पुस्तकात पाहून त्याला वाटलं, घेरी आली. पाणी घेऊन धावला. त्याला समजावता समजावता मामंजींची पुरेवाट झाली.

आता रोज असंच चालतं. सगळं छान झालं असं मात्र सांगणार नाही. बोटं तशीच आहेत, सुजलेली, ठणकणारी. त्या दुखण्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. पूर्वी अख्खा अध्याय वाचून व्हायचा एवढा वेळ आता ओठानं एक पान वाचायला लागतो. मान आखडते, ओठ फाटतो, कधी रक्त येतं. चष्मेबुवा घरी येऊन पाहून गेले. साहेबांना सांगतो म्हणाले. साहेबांनी "बघू" म्हटलंय. आणि तिच्या मनातली भीती मला माहीत आहे, कारण रोज सकाळी ती दातानं हळूच ओठ चावून पाहते. तिथंही मुंग्या आल्या तर?

राहता राहिलो मी. ओल हा आमचा काळ. श्वासाची वाफ, ओठाची लाळ, कधी डोळ्यातलं पाणी. जे पान ती वाचते ते थोडं थोडं बसत जातं. पुष्कळ पानं सपाट झाली आहेत. नावाड्याच्या गोष्टीत मोठाले खळगे पडलेत. ठोक्या नवी प्रत पाठवतो म्हणालाय. पाठवेल तेव्हा पाठवेल. तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. कुणी तुम्हाला दुखतंय म्हणून सांगितलं आणि तुमच्या यंत्राला ते सापडलं नाही, तर यंत्राला सापडलं नाही एवढंच म्हणा. सगळं ठीक आहे असं म्हणू नका.

आणि कालची गोष्ट सांगून मिटतो. काल वाचता वाचता तिचा ओठ एकदम अडला. मागे गेला, पुढे गेला. काही नाही. तिचा श्वास माझ्यावर थांबला. हात गार पडले असावेत, कारण मामंजींनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काय झालं पोरी?"

"लागत नाही," ती म्हणाली.  "मामंजी, ओठ पण गेला."

मला ठाऊक होतं. ते पान माझं संपलेलं होतं, पार पुसलेलं. बाई, तुझं काही गेलेलं नाही, मी गेलोय, पुढचं पान उघड! पण हे तिला सांगायला त्या पानावर माझ्यापाशी एक ठिपका नव्हता.

ती तशीच बसून राहिली. मग तिनं बोटं न लावता मनगटानं पान उलटलं आणि वाकली. त्या पानावर जेवढं काही माझ्यात उरलं होतं ते मी वर काढलं. ओठ टेकला. सरकला. थबकला.

"नदी," ती म्हणाली. आणि एकदम ओरडली, "मामंजी, पुस्तक गेलंय! ओठ नाही गेला, पुस्तकच गेलंय हो!"

म्हातारा टाळ्या पिटायला लागला. दोघं हसत होती, माझ्या पुसलेल्या पानावर हात आपटून हसत होती. मी जाणार ह्याचा एवढा आनंद त्या घरात झाला, आणि खरं सांगतो, सगळ्यांत जास्त तो मला झाला.